प्रमिलामावशींचं नाक

हळदीकुंकवाला बायका मनगट पुढं करून अत्तर लावून घेतात. प्रमिलामावशी मात्र दोन्ही हात पदराआड लपवायच्या. "नको बाई, उद्या ड्यूटी आहे." रिटायर होऊन कित्येक वर्षं झाली तरी त्यांची उद्या ड्यूटी असायचीच.

मावशी सिडकोतल्या आमच्या शेजारीण. त्यांची सगळी नोकरी वाळूजच्या एका बिअरच्या कारखान्यात गेली, लॅबमध्ये. तयार झालेली बिअर हुंगायची, घोटभर चाखायची आणि ती बाहेर जाऊ द्यायची की नाही ते ठरवायचं. सोवळ्याओवळ्याच्या घरातली सून, त्यामुळं सासूबाईंना सांगितलं होतं की नोकरी सातूच्या कारखान्यात आहे. तसं ते खोटं नव्हतं, बिअर सातूचीच होते. सासूबाई शेवटपर्यंत पाहुण्यांना कौतुकानं सांगत, "आमची सून सातूचं पीठ करते."

या नाकाचा कॉलनीला भारी धाक होता. पंगतीत मावशी आधी स्वतःचं कोपर हुंगायच्या. नवखा पाहुणा असला की घाबरून सरकून बसायचा. "लॅबचा नियम आहे," त्या समजावून सांगत. "आपल्याच अंगाचा वास घेतला की नाक पाटीसारखं पुसून निघतं." मग वाटीवर तळहात झाकायचा, वाटी गोल फिरवायची, हात काढून हुंगायचं आणि निकाल द्यायचा. 'सोडा' म्हणजे पास, माल बाहेर सोडा. 'थांबवा' म्हणजे नापास. माझ्या नणंदेला स्थळ बघायला आलं, तेव्हा मुलगा समोरून गेल्या गेल्या मावशी माझ्या कानाशी लागल्या, "थांबवा. आंघोळ न करता पावडर लावून आलाय."

कोरोनात हे नाक गेलं. आम्हा सगळ्यांचंच गेलं होतं, पण आमचं महिनाभरात परत आलं. मावशींचं आलं नाही. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. पण पुढच्या संक्रांतीला अत्तरदाणी समोर आली आणि मावशींनी गुपचूप हात पुढं केला. बायकांना काय ते तेवढ्यावरूनच कळलं.

त्यानंतरही त्या निकाल देत, पण आमची तोंडं बघून. आंबलेल्या वरणालाही 'सोडा' म्हणाल्या आणि आम्ही सगळ्यांनी ते मुकाट्यानं संपवलं. रोज सकाळी कापूर, ओवा, लवंग असं सगळं ओळीनं मांडून हुंगत बसायच्या. मी विचारलं की म्हणायच्या, "आज ओवा येऊ लागलाय वाटतं." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. नाक परत यावं याचा त्यांनी ध्यासच घेतला होता, आणि मला वाटायचं, मूळ स्वभावच तो, परीक्षा घेतल्याशिवाय करमत नाही.

एका शनिवारी सकाळी त्या पर्स घेऊन दारात उभ्या. "गाडी काढ. पबमध्ये जायचंय."

माझ्या हातातली पळी तशीच राहिली. मग कळलं ते असं: त्यांच्या लॅबमधला जुना सहकारी कडुबा यानं नोकरी सोडून वाळूजच्या पुढं, धरणाचं पाणी फुगून येतं तिथं, स्वतःची छोटी ब्रुअरी काढली होती. तिला लागूनच पाण्याकाठी पब. आज त्याच्याकडं सातू शिजणार होता. "तो वास आला तर नाक परत येईल," मावशी म्हणाल्या. "आणि तोही नाही आला, तर मग नाहीच."

आमच्याकडं बायका उन्हासाठी डोळे सोडून सगळा चेहरा स्कार्फनं बांधतात, त्याचा उपयोग मला त्या दिवशी कळला. पबच्या फाटकातून आम्ही दोघी दरोडेखोरांसारख्या आत शिरलो.

"या मॅडम, या!" कडुबा धावत आला. मूळचा देवगाव रंगारीचा गडी, दाढीत पांढरं आलेलं. "तुमी येणार म्हून सकाळधरनं हातपाय कापायलेत माझे."

"कापू दे. झाकण उघड."

आम्ही स्कार्फ सोडले आणि त्यानं टाकीचं झाकण उघडलं. भसकन वाफ आली. भाजलेल्या भाकरीचा पापुद्रा आणि नवा गूळ एकत्र केल्यासारखा तो वास माझ्या पार टाळूपर्यंत गेला. मावशींनी कोपर हुंगलं, वाकून वाफेत तोंड घातलं आणि बराच वेळ तशाच राहिल्या. कडुबा आणि मी दहावीच्या निकालाला आल्यासारखे उभे.

"सोडा," मावशी म्हणाल्या.

कडुबाला आभाळ ठेंगणं झालं. पण मावशींच्या चष्म्यावर वाफ धरली होती आणि डोळे दिसू नयेत म्हणून त्या तो पुसत नव्हत्या. नाक आलेलं नव्हतं.

आम्ही पाण्याकाठच्या टेबलावर बसलो. समोर बगळे उथळ पाण्यात उभे होते. कडुबानं मावशींसाठी बिअर आणि माझ्यासाठी लिंबू सोडा ठेवला आणि तो कामाला गेला. मावशींनी ग्लासाला हात लावला नाही. पर्समधून घट्ट झाकणाची काचेची बरणी काढली. आत एक तपकिरी माकडटोपी होती.

"ह्यांची," त्या म्हणाल्या. मावशींचे यजमान, दत्ताकाका, मी कॉलनीत यायच्या आधीच गेलेले. मी त्यांना फक्त फोटोत पाहिलेलं. "हेही आमच्याच कारखान्यात, सातू शिजवायच्या खात्यात. थंडीत शिफ्टच्या बसला ही घालून जायचे. मी धुतली नाही कधी. वर्षातनं एकदा उघडायची. आजारानंतर उघडली, तर काहीच नाही. माझं नाक तर गेलंच, पण टोपीतनं हेही गेलेत का, कळायचं कसं? म्हणून धडपडायले गं. तू हुंगून सांग."

मी हात पुढं केला. मावशींनी बरणी मागं घेतली. "थांब! सेंट मारलास?"

"हौ, सवयीनं."

मावशींनी मला नळावर नेऊन साध्या पाण्यानं हात, मान, तोंड धुवायला लावलं. मग कोपर हुंगायला लावलं. शेजारच्या टेबलावरची पोरं बघत राहिली. खोटं बोलायची वेळ येऊ नये, एवढंच मनात म्हणत मी टोपी नाकाशी नेली.

"आहे मावशी! खरंच आहे!"

"ओरडू नको. काय काय आहे ते सांग."

"खोबरेल तेल."

"पुढं?"

"सातू. आत्ता टाकीतनं आला ना, अगदी तोच."

"पुढं?"

मी अडखळले. "थोडी... बिडी."

मावशी खुदकन हसल्या. डोळ्यांतलं पाणी गालावर आलं. "सोडली म्हणून माझ्या गळ्याची शपथ घेतली होती. रोज बसमध्ये ओढायचे आणि बडीशेप खाऊन घरी यायचे. वाटायचं, हिला कळत नाही."

"कळत होतं?"

"पहिल्या दिवशीच. सगळ्या जगाला थांबवा म्हणायची मी, ह्यांना नाही म्हणवलं कधी."

मी टोपी पुन्हा नाकाशी नेली. मावशींनी ती हळूच काढून घेतली, बरणीत ठेवली आणि झाकण गच्च आवळलं.

"बास गं," त्या म्हणाल्या. "तेवढेच उरलेत ते."