डाव्या चाकाची टोपी

बोटीच्या ट्रॉलीचं डावं चाक उघडं पडलंय, हे माणिकरावांच्या आधी प्रेमानंदच्या लक्षात आलं आणि तिथूनच सगळं बिघडलं.

प्रेमानंद हा मोताळ्याच्या मच्छीमार सोसायटीचा अध्यक्ष. सोसायटीनं धरणात जाळी टाकायला फायबरची नवी बोट घेतली आणि ती ओढून न्यायला नांदुऱ्याच्या एका वेल्डरकडून दोन चाकांची ट्रॉली करून घेतली. ट्रॉली आणायला जाताना त्यानं माणिकरावांना मुद्दाम सोबत नेलं. माणिकराव म्हणजे एसटी डेपोतले निवृत्त हेड मिस्तरी. बत्तीस वर्षांत आपल्या हाताखालून गेलेल्या गाडीचा एक नटसुद्धा रस्त्यावर पडला नाही, असं ते ज्याला त्याला सांगत. ज्याला पाठ झालं होतं, त्यालाही सांगत.

नांदुऱ्यात त्यांनी वेल्डरला बाजूला सारलं आणि दोन्ही चाकांच्या हबमध्ये, म्हणजे मधल्या पोकळीत, स्वतःच्या हातानं ग्रीस भरलं. वेल्डर 'पुरे' म्हणाला, तेव्हा त्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो मुकाट्यानं चहा सांगायला गेला. हब काठोकाठ भरल्यावर त्यावर लोखंडी टोप्या बसवायच्या होत्या. ग्रीस बाहेर येऊ नये आणि धूळपाणी आत जाऊ नये म्हणून असते ती वाटीएवढी टोपी. उजवी गुमान बसली. डावी जरा आडमुठी निघाली, म्हणून तिच्या टाळक्यात त्यांनी हातोडीचा एक टोला घातला. टोपीला पोचा पडला, पण ती बसली.

मोताळ्यात येऊन पाहतात तर डावी टोपी गायब.

"मिस्तरी, याची टोपी कोठी गेली?" प्रेमानंदनं विचारलं.

'पडली' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण बत्तीस वर्षं आडवी आली.

"मीच काढून ठेवली," माणिकराव म्हणाले. "तपासाची हाये."

प्रेमानंदनं मान डोलावली. माणसानं इतका विश्वास ठेवला की खोटं बोलणाऱ्याची पंचाईत होते. घरी जाताना माणिकरावांचे कान गरम झाले होते आणि ते उन्हानं नव्हते.

घरी त्यांचे व्याही येऊन बसले होते. उकंडराव हे वरवट बकालचे शेतकरी. त्यांच्या घरी माणिकरावांची लेक राखी दिली होती. मोताळ्याला बैल पाहायला आले होते, तर जाता जाता विहिणीनं दिलेली कवठाची चटणी पोचवायला सुनेच्या माहेरी थांबले. चटणी एका छोट्या स्टीलच्या वाटीत होती, वर फडकं बांधलेलं. वाटीच्या बुडावर ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलं होतं: 'कै. गोकर्णाबाई यांचे स्मरणार्थ'. गोकर्णाबाई म्हणजे विहिणीच्या, रुखमाबाईंच्या, सासूबाई. त्यांच्या वर्षश्राद्धाला नातेवाइकांत वाट्या वाटल्या होत्या आणि सहा वाट्यांचा एक संच रुखमाबाईंनी घरात ठेवला होता. वाटी तेवढी आठवणीनं धाडा, संच फुटू नये, असा निरोप उकंडरावांनी चहा पिता पिता दोनदा सांगितला.

पुढचे आठ दिवस माणिकराव टोपी शोधत फिरले. मलकापूरला विचारलं, बुलढाण्याला जाऊन आले. वेल्डरनं कुठल्या जुन्या गाडीचे हब बसवले होते देव जाणे, कुठलीच टोपी मापाची मिळेना. वेल्डरकडेच जायचं तर त्याच्या 'पुरे'ची आठवण यायची. इकडे प्रेमानंदनं बोट पाण्यात सोडण्याचा मुहूर्त ठरवला, आणि त्या दिवशी मिस्तरींना शाल-श्रीफळ द्यायचं, असंही जाहीर करून टाकलं. ते ऐकून माणिकराव घटकाभर टोपी विसरले. 'इवायालेबी बोलवा,' असं प्रेमानंदला त्यांनीच सुचवलं. उकंडरावांनी आयुष्यभर बैलगाडी हाकली. आपला व्याही कोण आहे, ते त्यांनी एकदा डोळ्यांनी पाहावं, अशी माणिकरावांची फार इच्छा होती.

चटणी संपली. जनकाबाई, म्हणजे माणिकरावांची बायको, बचत गटाच्या बैठकीला गेली होती. पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलेल्या माणिकरावांना ओट्यावर धुऊन पालथी घातलेली ती वाटी दिसली. त्यांनी खिशातला दोरा काढला. आठ दिवस हबच्या तोंडाच्या मापाचा दोरा खिशात घेऊन ते हिंडत होते. दोरा वाटीच्या काठाला लावला. गव्हाच्या दाण्याएवढा फरक निघाला.

तो भरून काढायला ट्रॉलीपाशी जाऊन त्यांनी काठाला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली. या वेळी हातोडी थेट मारली नाही. वर लाकडाची फळी ठेवून कडेकडेनं, हलक्या हातानं वाटी आत बसवली. तेवढं शहाणपण त्यांना आलं होतं. ग्रीसचं मात्र आलं नव्हतं. जुनं कमी पडलं असेल म्हणून त्यांनी वरून आणखी ठासलं. बुडावरच्या अक्षरांवर काळं ग्रीस चोपडलं. लांबून पाहिलं तर कंपनीची टोपी वाटत होती. मुहूर्त आटोपला की काढून घासून देऊ, असं त्यांनी स्वतःला सांगितलं आणि स्वतःचं लगेच ऐकलं.

तिसऱ्या दिवशी रुखमाबाईंचा फोन आला. वाटी धाडली नाही का, एवढंच विचारलं. जनकाबाईनं मांडणी धुंडाळली, पिठाचे डबे धुंडाळले, शेजारी विचारून आली. मग तिला पक्कं आठवलं की, मागच्या आठवड्यात राखी येऊन गेली तेव्हा तिच्याच पिशवीत वाटी दिली होती. वाटीत शेवया भरून दिल्या होत्या, हेही आठवलं. राखी म्हणाली, शेवया पुडीत होत्या. इथून पुढे फोन रोज होऊ लागले आणि आवाज चढत गेले.

"ईनबाई, आमच्या घरी वाट्यायचा काही तोटा नाई," जनकाबाई एक दिवस म्हणाली.

"तोटा कायले असन," तिकडून उत्तर आलं. "एक जास्तच असन आता."

त्यावर जनकाबाईनं लेकीची शपथ घेतली. माणिकराव समोर खाटेवर बसून दाढी करत होते. वाटी कुठे आहे हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. त्यांनी गालाला पुन्हा साबण लावला. दाढी झालेल्या गालाला.

संध्याकाळी राखीनं बापाला वेगळा फोन केला. सासूबाई काही बोलत नाहीत, पण उरलेल्या पाच वाट्या तिच्यादेखत फळीवर मांडतात आणि सहावीची जागा मोकळी ठेवतात, म्हणाली. सांगताना तिला रडू आलं. माणिकराव 'होईन सारं बराबर' म्हणाले. फोन ठेवल्यावर त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की, त्या दिवशी ते जेवले नाहीत. जनकाबाईला वाटलं, नवऱ्याला वाटीचं दुःख झालंय. तिनं त्यांना आग्रह करून ताक पाजलं. ते तर आणखी जड गेलं.

मुहूर्ताच्या दिवशी धरणावर निम्मं मोताळं जमलं होतं. राखीनं हातापाया पडून सासू-सासऱ्यांना आणलं होतं. रुखमाबाई आणि जनकाबाई एकमेकींपासून चार हात अंतर राखून एकाच दिशेला बघत उभ्या होत्या. प्रेमानंदची पिकअप भर उन्हातून ट्रॉली ओढत आली. वाटी जागेवर होती. माणिकरावांनी श्वास सोडला.

मग पूजा निघाली. नवी गाडी म्हटली की चाकांना हळदीकुंकू आलंच. प्रेमानंदची बायको वंदना मोठी रीतीची. मिस्तरींच्या विहीणबाई पाहुण्या आहेत, पहिला मान त्यांचा, असं म्हणून तिनं ताट रुखमाबाईंच्या हाती दिलं.

"उजव्या चाकाले लावा, ईनबाई," माणिकराव घाईघाईनं पुढे झाले. "उजव्यालेच लावतात."

"डाव्यानं काय पाप केलं?" वंदना म्हणाली.

उजवं चाक झालं. रुखमाबाई डाव्या चाकापाशी उकिडव्या बसल्या. घरची स्वच्छ बाई. चाकावरचं काळं पाहून तिनं आधी तांब्यातल्या पाण्यानं फडकं भिजवलं आणि टोपी खसखसून पुसली. मग हळद लावली, कुंकू लावलं. कुंकू अंगठ्यानं जरा पसरलं आणि ते कोरलेल्या ठिपक्यांत जाऊन बसलं. स्टीलवर लाल अक्षरं उमटली. रुखमाबाई दुसरी शिकलेल्या होत्या, पण हे नाव त्यांना वाचावं लागलं नाही.

त्यांनी हात लावला मात्र, आतल्या तापलेल्या ग्रीसनं उरलासुरला धीर सोडला. 'फट्' असा आवाज झाला आणि वाटी रुखमाबाईंच्या ओंजळीत येऊन पडली. काठोकाठ भरलेली.

रुखमाबाईंनी जनकाबाईकडे पाहिलं. जनकाबाईनं माणिकरावांकडे पाहिलं. माणिकरावांनी धरणाकडे पाहिलं. पाणी भरपूर होतं, पण जवळ नव्हतं.

"भांडं रिकामं परत देऊ नाई म्हणतात," रुखमाबाई शांतपणे म्हणाल्या. "इवायानं भरून देलं."

त्यांनी वाटी फडक्यात बांधली आणि पिशवीत ठेवली. मागे कुणीतरी खुदकन हसलं, मग ते हसू लांबपर्यंत पोचलं. प्रेमानंदला काय करावं सुचेना, म्हणून त्यानं ठरल्याप्रमाणे माइक हातात घेतला आणि बत्तीस वर्षांत एक नटही रस्त्यावर न पाडणाऱ्या मिस्तरींचा सत्कार जाहीर केला. बारा वाजताच्या उन्हात माणिकरावांच्या खांद्यावर लोकरीची शाल पडली. ती त्यांनी काढली नाही. तोंड लपवायला तेवढीच होती.

उकंडराव हळूच जवळ आले. ते हसत नव्हते, हे जास्त वाईट होतं.

"बैलगाडीच्या आखाले वंगण बोटानं लावतात, इवाई," ते म्हणाले. "ठासून भरलं का तापल्यावर ते आपली वाट काढते."

बत्तीस वर्षांच्या मिस्तरीला पहिली टोपी का उडाली, ते त्या क्षणी कळलं.

जनकाबाई घरी आल्यावर चपला काढता काढता एवढंच म्हणाली, "म्या लेकीची शपथ घेतली तवा तुमी दाढी करून राह्यले होते." दुसऱ्या दिवशी तिनं तिळाच्या लाडवांची पिशवी त्यांच्या हातात दिली आणि वरवट बकालची एसटी दाखवली. ती सोबत गेली नाही.

व्याह्यांच्या ओसरीवर माणिकरावांनी पाणी पिण्याआधी हात जोडले. चूक माझी, जनकाची नाही आणि राखीची तर नाहीच, असं ते एका दमात म्हणाले. एसटीत दोन तास त्यांनी तेच वाक्य घोकलं होतं. राखी दाराआड उभी राहून ऐकत होती. रुखमाबाईंनी लाडू घेतले आणि राखेनं तीनदा घासूनही वाटीचा वास जात नाही, एवढंच सांगितलं. फळीवर आता सहा वाट्या होत्या. सहावी पालथी घातली होती. मग त्यांनी पाहुण्याला पोटभर जेवू घातलं. त्या जेवणाचा प्रत्येक घास माणिकरावांना मोठा लागला.

निघताना रुखमाबाईंनी त्यांच्या हातात कवठाची चटणी ठेवली.

"वाटीत नाई देत आता," त्या म्हणाल्या. "हे डबी न्या. यायले रस्त्यावर सापडली. हरवली तरी चालते."

माणिकरावांनी डबीकडे पाहिलं. लोखंडी, वाटीएवढी, लखलखीत घासलेली. बुडाशी हातोडीचा एक पोचा.

"मागं तुमच्याकडून चटणी देऊन वापस येऊन राह्यलो होतो ना, त्याच दिवशी," उकंडराव कौतुकानं म्हणाले. "नांदुऱ्याच्या अलीकडं पडली होती. आत हे एवढं ग्रीस. म्हनलं, कोन्या येड्यानं भरलं असन?"

ही माझी आहे, असं म्हणायला माणिकरावांचं तोंड उघडलं होतं. पण वाटी चोरणाऱ्यानं त्याच घरातली दुसरी वस्तू आपली म्हणायची, हे त्यांनाच ऐकवेना. शिवाय येडा कोण, तेही सांगावं लागलं असतं. त्यांनी तोंड मिटलं, मान हलवली आणि आपली टोपी चटणीसकट मांडीवर घेऊन ते एसटीत बसले.

चटणी चार दिवस पुरली. पाचव्या दिवशी जनकाबाईनं टोपी घासून ओट्यावर ठेवली. माणिकरावांनी ती उचलली आणि दाराशी जाऊन चपला चढवल्या. ट्रॉलीच्या डाव्या चाकावर प्रेमानंदनं प्लास्टिकची पिशवी सुतळीनं बांधली होती. टोपी लावायला पाच मिनिटांचं काम होतं, आणि ग्रीस किती भरायचं, तेही आता ठाऊक होतं.

"ठेवा खाली," जनकाबाई आतून म्हणाली. "ईनबाईचं भांडं हाये. भरून परत धाडाचं हाये."

माणिकरावांनी टोपी होती तिथे ठेवली आणि चपला काढल्या.

त्या संध्याकाळी प्रेमानंद बाजारात भेटला. चार माणसांत त्यानं अगदी आदरानं विचारलं, "मिस्तरी, ते टोपी तपासून झाली का नाई?"

"चालू हाये," माणिकराव म्हणाले.