झाकणाला हात लावायचा नाही

हिलालआबांच्या ओसरीवर एक विजेचं भांडं सकाळपासून संध्याकाळपर्यंत शिजत असतं, आणि त्याच्या झाकणाला कोणी नुसतं बोट लावलं तरी आबा शिट्टी मारतात. तोंडाने नव्हे, गळ्यातल्या खऱ्या पितळी शिट्टीने. आबा शाळेत पीटीचे मास्तर होते. निवृत्त झाले तेव्हा शाळेने शाल दिली, नारळ दिला आणि शिट्टी परत मागायची विसरली. त्याचे परिणाम आज आमची अख्खी कॉलनी भोगते आहे.

हे भांडं त्यांच्या मुलीने बंगळुरूहून पाठवलं. अगदी मंद आचेवर, सात-आठ तास, आपोआप शिजवणारं. आईचं वरण परस्पर शिजावं, हा मुलीचा हेतू. पण आबांनी पहिल्याच रविवारी त्यात मटणाच्या खिम्याचे गोळे शिजवले. आबांची बायको, अक्का, माळकरी. त्यांच्या दृष्टीने भांडं त्याच क्षणी बाटलं. त्यांनी ते ओसरीवर काढलं, खिडकीतून वायर सोडली आणि जाहीर केलं, "आता तुम्ही आणि तुमचा हा दिवसभर सुस्त पडणारा अजगर बाहेरच."

आबांना हेच हवं होतं. आपल्याकडे मटण पुरुषानेच, घराबाहेरच शिजवायचं, ही रीत जुनीच आहे. आबांनी तीन दगडांच्या चुलीच्या जागी प्लग आणला, एवढंच.

खिम्याचे गोळे वळताना आबांना पाहावं. एकेक गोळा तळहातावर तोलतात, डोळा बारीक करून गोलाई तपासतात आणि परातीत रांगेने उभे करतात. लहान पुढे, मोठे मागे. रांगेबाहेर गेलेल्या गोळ्याला "ए पाटील, मागं सरक!" असा दम मिळतो. मग तव्यावर थोडे लालसर करून, खोबरं आणि काळ्या मसाल्याच्या दाट रश्श्यात त्यांची रवानगी. झाकण बंद. पहारा सुरू.

"आबा, कुकरला चार शिट्ट्या दिल्या असत्या तर?" असं मी एकदाच विचारलं.

"शिट्टी फक्त मी मारसु," आबा म्हणाले. "आनि घाई कोणले शे?"

घाई कोणाला आहे, हे त्यांचं अहिराणीतलं ब्रह्मवाक्य. गॅसवर मटण शिजवणाऱ्या माणसाला ते लग्नात अक्षतांआधीच पंगतीला बसणाऱ्यांच्या यादीत टाकतात.

गोळे तयार झाले की आम्हा सगळ्यांना बोलावणं येतं. आबा म्हणतात, ही पार्टी आहे आणि हे स्टार्टर आहे, काडीला टोचून एक-दोनच खायचं. धुळ्यात हे कोण ऐकणार? काळ्या मसाल्याचा वास आला की माणूस भाकरी कुस्करायला ताट शोधतो. पहिल्याच पार्टीत आमच्या मंडळींनी "रस्सा वाढा, आबा!" असा गजर केला. आबा कडाडले, "भाकर मांगी त्याले घर धाडसु!" कोणीही घरी गेलं नाही. भाकरी माझ्या घरून आल्या.

अख्ख्या गल्लीला आबांनी असं खिलवलं आहे. एक शेजारचं घर सोडून. तिथे भंवरलालशेठ राहतात. कापडाचे व्यापारी, पक्के जैन. कांदा-लसूण नाही, जमिनीखालचं काही नाही, सूर्य बुडाला की पाण्याचा थेंब नाही. आबा आणि शेठ रोज सकाळी एकत्र फिरायला जातात, एकाच पेपरवर दोन बाजूंनी भांडतात, पण शेठ आबांच्या ओसरीवर बसतानाही पाण्याचा तांब्या घरून आणतात. गोळे शिजायला लागले की शेठ कुरकुर न करता त्या बाजूची खिडकी लावून घेतात. आणि आबा टेबलफॅन असा लावतात की सगळा वास माझ्या घरात यावा. मी तक्रार केली तर म्हणाले, "तुले फुकट वास भेटी ऱ्हायना, कशाले रडस?"

गेल्या हिवाळ्यात शेठचं सुरतेला मुलाकडे कायमचं जायचं ठरलं. सामान बांधून झालं. आबांनी फर्मान काढलं, "रविवारी शेठनी पार्टी. बठ्ठासनी दिवसाउजेडी येवानं."

आम्ही सगळेच दुपारी हजर. बघतो तर ओसरी रिकामी. ना भांडं, ना वायर, ना पंखा. आबा नुसते येरझाऱ्या घालत होते. मी स्वयंपाकघरात डोकावलो आणि थक्क झालो. अक्कांच्या देव्हाऱ्यापासून हातभर अंतरावर अजगर विराजमान!

"अक्का, तह झाला की काय?"

"नवं भांडं आहे ते," अक्का हळूच म्हणाल्या. "सकाळी स्वतः जाऊन घेऊन आले. कढई, ताटल्यासुद्धा नव्या. आत कच्च्या केळीचे आणि दुधीचे गोळे आहेत. कांदासुद्धा नाही. शेठनी खावं म्हणून जीव टांगलाय बघा त्यांचा. बोलू नका कुठे."

मी बोललो नाही. पण पाहुण्यांपैकी प्रत्येकाने "शिजलं का?" म्हणत एकदा तरी झाकण उचललंच. दर खेपेला शिट्टी वाजली आणि दर खेपेला आतली वाफ निघून गेली. ऊन कलायला लागलं तरी गोळे आतून कच्चेच. आणि तेवढ्यात वीज गेली.

आबा अंगणात आले. सूर्य समोरच्या पाण्याच्या टाकीवर टेकत होता. शेठ खुर्चीत शांत बसले होते. आपल्यासाठी काही शिजतंय, हे त्यांच्या गावीही नव्हतं. आबांनी एकदा विजेच्या खांबाकडे पाहिलं, एकदा टाकीकडे. मग तरातरा आत गेले, भांड्यातलं सगळं नव्या कढईत ओतलं आणि गॅस पूर्ण मोठा केला.

अक्का दारातच उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला. "घाई कोणले शे?"

"माले शे," आबा म्हणाले. वळूनही पाहिलं नाही त्यांनी. डावाने रस्सा हलवत राहिले, फुंकर घालत राहिले, जणू फुंकरीने ज्योत वाढणार होती.

ताटली घेऊन ते बाहेर आले तेव्हा टाकीमागे सूर्याची जेमतेम कड उरली होती. दोन गोळे थोडे फुटले होते. रांगबिंग काही नव्हती. आबांनी ताटली शेठपुढे धरली आणि घाईघाईत पाढा म्हणावा तसं म्हणाले, "केळी शेत. दुधी शे. भांडं नवं शे. अक्काना हातना मसाला शे. खावानं नसी तर ऱ्हाऊ दे."

शेठनी ताटलीकडे पाहिलं, आबांच्या घामेजल्या कपाळाकडे पाहिलं. काडी उचलली. एक गोळा तोंडात घातला आणि डोळे मिटून, सावकाश चावला.

"इतला वरीस शेजारी ऱ्हायनूत," ते म्हणाले. "कधी इचारं नही रे तू, हिलाल."

आबांचा आवाज गल्लीच्या टोकाला ऐकू जातो. तेव्हा मात्र मला पुढे वाकावं लागलं.

"तू नही म्हनशी, आसं वाटे माले."

शेठनी काडी पुन्हा टोचली. दुसरा गोळा संपवला, फुटलेला तिसराही संपवला. मग रिकामी ताटली त्यांनी पुन्हा पुढे केली.

"वाढ," शेठ म्हणाले. "उजेड शे तवलग वाढ."