जेडची मागची बाजू

आमच्या शेजारच्या अंबादासअण्णांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते माझा पाट पालथा धरून उभे होते. सामानाचा ट्रक दारात, हमाल घामाघूम, आणि हे अनोळखी गृहस्थ उतरणारी एकेक वस्तू हातात घेऊन तिची पाठ बघताहेत. पाट झाला, स्टूल झालं, इस्त्री झाली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "स्टूल चांगलं हाय, मॅडम. पाटात फसवलंय तुमाला. खिळे बघा की मागनं."

त्या पाटावर मी कितीतरी वर्षं सुखानं जेवले होते. त्या दिवसापासून तो टोचायला लागला.

अण्णांचं सगळं आयुष्य सोलापुरातल्या एका चादरीच्या दुकानात गेलं. गिऱ्हाईक समोरचा मोर बघतं, वेलबुट्टी बघतं. अण्णा चादर उलटून गाठी बघणार, सुटलेले धागे बघणार. "पालथं करून दाखवा" हे वाक्य त्यांनी विणकरांना इतक्या वेळा ऐकवलं की ते जिभेवर कायमचं बसलं. चादरीच्या बाबतीत त्यांचा शब्द अजूनही शेवटचा. पंचाईत एवढीच, की दुकान सुटल्यावर त्यांनी हा कायदा उरलेल्या जगाला लागू केला.

माझ्याकडे पहिल्यांदा चहाला आले तेव्हा त्यांनी कप उचलून त्याचं बूड पाहिलं. कप भरलेला होता. भाकरी वाढली की आधी उलटणार. लग्नपत्रिका मागून वाचायला सुरुवात करणार. मंद्रूपहून वांगी घेऊन येणारी बाई तर अण्णा दिसले की टोपलीवर पदरच टाकते. मध्ये गुडघा दुखत होता म्हणून डॉक्टरांनी एक्स-रे दाखवला, तर यांचा प्रश्न, "ह्ये समोरनं झालं. मागनं कसं दिसतंय?"

धाकट्या मुलासाठी मुलगी बघायला लातूरला गेले, तेव्हा सगळी मंडळी बैठकीत पोहे खात होती आणि अण्णा गायब. घराला वळसा घालून ते मागच्या अंगणात जाऊन आले होते. आल्या आल्या म्हणाले, "पक्कं करा. भांडी घासून उनात पालथी घातल्यात." मुलीला त्यांनी धड पाहिलंही नव्हतं. ती सून आज त्यांना दोन्ही वेळा गरम जेवायला घालते, हे मान्य करावं लागेल.

अण्णांच्या शर्टांच्या कॉलरीसुद्धा पालथ्या आहेत. विरलेली कॉलर उसवायची, उलटी करायची आणि पुन्हा शिवायची, हे काम त्यांची पत्नी करायची. मी इथे राहायला येण्याच्या आधीच ती गेली. आता ती उलटी बाजूही विरली आहे. अण्णा तेच शर्ट घालतात आणि सुनेनं आणलेले नवे शर्ट घडी न मोडता कपाटात ठेवतात.

आता थोडं माझं. मी सरकारी खात्यात, माझं बिऱ्हाड एकटीचं, आणि आजवरची सगळी नोकरी बदल्यांत गेलेली. रोप आणायचं, ते जरा धरायला लागलं की बदलीचा कागद यायचा आणि कुंड्या शेजारीपाजारी वाटून मी पुढच्या गावाला. सोलापुरात शेवटची नेमणूक झाली, छोटंसं घर घेतलं, आणि माझ्या मनात एक हट्ट शिरला. मला वाढवायचं झाड नको होतं, वाढलेलं झाड हवं होतं. फाटकातून येणाऱ्याला वाटलं पाहिजे, ही बाई इथं कधीपासूनची राहते.

ऑफिसात कळलं की विजापूर वेशीजवळ रझियाआपा म्हणून एक निवृत्त शिक्षिका आहेत. त्या लेकीकडे हैदराबादला कायमच्या चालल्या आहेत आणि त्यांना त्यांचं जुनं जेडचं झाड विकायचं आहे. बघायला गेले आणि दारातच थांबले. माझ्या खांद्याएवढं उंच. खोड मनगटाहून जाड, त्यावर हत्तीच्या पायासारख्या सुरकुत्या, आणि वर शेंगदाण्याएवढ्या मांसल पानांची दाटी. जेडला आपल्याकडे कुबेराचं झाड म्हणतात. किंमत ऐकल्यावर ते नाव पटलं. आपांना म्हटलं, विचार करून सांगते.

पैशापेक्षा मला धास्ती वेगळीच होती. एका जागी मुरलेलं झाड या वयात उचलून दुसरीकडे नेलं तर जगेल का? आणि माझ्याच दारात येऊन वाळलं तर? मला कुणीतरी सोबत हवं होतं. अण्णांना विचारलं मात्र, ते चपला घालून तयार. दुकान सुटल्यापासून कुणी त्यांना एखादी वस्तू पारखायला बोलावलं नव्हतं. वाटेत त्यांनी दोनदा खिशातला चष्मा पुसला.

रझियाआपांच्या अंगणात शिरल्याबरोबर अण्णा म्हणाले, "पालथं करून दाखवा."

आपांनी झाडाकडे पाहिलं, अण्णांकडे पाहिलं, आणि मला विचारलं, "ये क्या बोलरै?"

कुंडी सिमेंटची. दोन माणसांना हलायची नाही. मग अण्णा फरशीवर आडवे झाले आणि कुंडीच्या खाली डोकावले. समाधान होईना. उठले, आणि झाड अन् कंपाउंडची भिंत यांच्यातल्या फटीत अंग तिरकं करून शिरले. बराच वेळ नुसती खुडबूड. मग पानांच्या आडून आवाज आला, "मॅडम, माल डिफेक्टिव्ह हाय!"

झालं होतं असं, की झाड पहिल्यापासून भिंतीला लागून. तिकडे ऊन नाही, त्यामुळे मागून नुसत्या काड्या. अण्णा बाहेर आले तेव्हा एका बाजूनं पांढरेफटक झाले होते, भिंतीच्या चुन्यानं. "आर्धंच झाड हाय हे," ते म्हणाले. "समोरनं शोरूम, मागनं गोडाऊन. घेऊ नका."

"अरे भाई," आपा म्हणाल्या, "मैं भी पीछे से ऐसीच हूं. उमर हुई ना." मग माझा हात धरून म्हणाल्या, "तुमकू पसंद है क्या, वो बोलो. ये बुजुर्ग का छोडो."

मला पसंत होतं. तिथल्या तिथे पैसे दिले. अण्णांचा चेहरा पडला. पारखायला आणलं आणि ऐकलं नाही, हा अपमान मलाही कळत होता, पण झाडावरून माझी नजर हलत नव्हती.

हमालांनी कुंडी टेम्पोत चढवली, पण अण्णा पुढे बसायला तयार होईनात. रुसले असतील, असं मला वाटलं. मागे वळून बघते तर हे गृहस्थ हौद्यात कुंडीशेजारी फतकल मारून बसलेले, आणि 'घेऊ नका' म्हटलेल्या झाडाचं खोड दोन्ही हातांनी धरलेलं. प्रत्येक गतिरोधकाला ड्रायव्हरला ओरडत होते, "हळू की! पेशंट हाय!"

घरी आल्यावर त्यांनी हमालांना थांबवलं, धावत जाऊन स्वतःच्या घरातून एक जुनी चादर आणली, तिची जाड घडी केली आणि कुंडी तिच्यावर ठेवायला लावली. "फरशी खराब हुईल," एवढंच बोलले. मी काड्यांची बाजू भिंतीकडे करून घेतली. पाहुण्यांना ती दाखवायची कशाला?

आठवड्याभरात पानं गळायला लागली. आधी चार-दोन, मग सकाळी झाडताना सुपलीभर. ऑफिसात एकानं सांगितलं पाणी जास्त घाला, दुसरीनं सांगितलं पाणी बंद करा. मी रोज फाटक लावताना झाडाकडे बघायचं टाळायला लागले. आयुष्यात पहिल्यांदा मुरलेलं काही दारात आणलं, तेही चाललं, असं वाटून एका संध्याकाळी मला चक्क रडू आलं. अण्णा कंपाउंडपलीकडे उभे होते. मी म्हटलं, "तुमचं ऐकायला पाहिजे होतं, अण्णा."

आता 'सांगितलं हुतं की' ऐकायची मी तयारी ठेवली. अण्णा आत आले, खाली पडलेलं एक पान उचललं, उलटं करून पाहिलं आणि खिशात घातलं. "पाणी कमी करा," म्हणाले आणि गेले.

त्यानंतर एक विचित्र गोष्ट व्हायला लागली. झाडाच्या मागच्या काड्या फाटकाकडे तोंड करून दिसायला लागल्या. मला वाटलं, कामवालीनं कुंडी सरकवली. ती म्हणाली, "मला व्हय ती हलणार?" मी हलवून पाहिली, जागची हलेना. पुढच्या आठवड्यात काड्या पुन्हा दुसऱ्याच बाजूला.

एका शनिवारी डोकं दुखत होतं म्हणून दुपारीच घरी आले. फाटकाशी पोचले आणि आतून आवाज आला. अण्णा अंगणात फरशीवर बसले होते, पाय पायरीला रोवलेले, आणि कुंडीखालच्या चादरीचं टोक दोन्ही हातांनी ओढत होते. चादर गुळगुळीत फरशीवरून इंच इंच सरकत होती आणि तिच्यावर कुंडी फिरत होती. "तिरुगु," ते म्हणत होते. "तिरुगम्मा, तिरुगु."

काड्यांवर ऊन आलं तसे ते थांबले. दम खाल्ला. आणि मग झाडाशी बोलायला लागले. सगळं तेलुगूत, त्यांच्या मायबोलीत. सावकाश, मध्ये हसून, मध्ये तक्रारीच्या सुरात, दिवसभराचं घरी येऊन सांगावं तसं. इतक्या दिवसांत मी त्यांच्या तोंडून तेलुगू ऐकलं नव्हतं. सून लातूरची, मुलं कामाच्या मराठीत, नातवंडं शाळेच्या इंग्रजीत. त्यांच्या घरात ती भाषा बोलणारं माणूस कॉलरी शिवून निघून गेलं होतं.

मी पावलं न वाजवता कोपऱ्यापर्यंत मागे गेले आणि खोकत, पर्स आपटत पुन्हा आले. फाटक जोरात उघडलं. अण्णा उभे राहिले होते. "काय न्हाय," ते म्हणाले, "कुंडीखाली मुंग्या हायत का बघत हुतो."

मी झाडाजवळ गेले. त्या उघड्या काड्यांवर जागोजाग हिरवे ठिपके फुटले होते, मोहरीएवढे. एकावर बोट ठेवलं. चादर फरशीसाठी नव्हती, हे मला आत्ता कळत होतं. टेम्पो दारात उभा होता तेव्हाच या माणसानं झाड उन्हाकडे फिरवायचं ठरवलं होतं. माझ्यासाठी कुणी असं, मी घरात नसताना, गुपचूप काही केल्याचं मला आठवत नव्हतं. आभार मानायला तोंड उघडलं आणि भलतंच विचारलं.

"अण्णा, 'तिरुगु' म्हणजे काय हो?"

अण्णांचा चेहरा चोरी सापडल्यासारखा झाला. "ऐकलं व्हय तुमी?"

"झाड माझं आहे. त्याच्याशी काय बोलणं चालतं ते मला नको कळायला?"

"फिर," ते म्हणाले. "फिर म्हंजे तिरुगु."

मी म्हणून दाखवलं. ते इतकं चुकलं की अण्णा पोट धरून हसले. मी आत जाऊन चहा करून आणला आणि आम्ही पायरीवर बसलो. अण्णांनी कप घेतला आणि बूड न बघता तोंडाला लावला. मग त्यांनी मला तेलुगूत काहीतरी विचारलं. मी कळल्यासारखी मान हलवली. तेवढ्यावर ते सुरू झाले, आणि मराठीत परत यायचं विसरूनच गेले. बोलता बोलता कधी झाडाकडे बघत होते, कधी माझ्याकडे. मधूनमधून 'अम्मा' ऐकू यायचं. ते झाडाला होतं की मला, कोण जाणे. एक अक्षर कळत नव्हतं. मी आपली 'हूं' म्हणत राहिले.