ज्यांच्याकडे जायचं नव्हतं ते

"संशोधन म्हणजे काय, तर आवाज कुठून येतोय ते शोधायचं," आरोग्य केंद्राच्या रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी छातीठोकपणे म्हणाला. "गाडीखाली पडून मी जन्मभर तेच करतोय. आणा तुमचं संशोधन!"

प्रशिक्षण द्यायला आलेल्या बाईंनी समजावलं, की आजवर बाहेरची माणसं केंद्रात येऊन त्यांचेच प्रश्न विचारून जात होती. आता केंद्रानेच आपला प्रश्न काढायचा, आपणच तो तपासायचा. प्रत्येकाने एकेक प्रश्न सांगा! सिस्टरने विचारलं, बेसिनचा नळ कधी दुरुस्त होणार? डॉक्टरीणबाईंनी रजेबद्दल विचारलं. ड्रायव्हरची पाळी आली तेव्हा त्याने आधी घसा साफ केला.

"बरं वाटायला लागलं की माणूस बीपीची गोळी का सोडतो?"

त्याची बायको गेल्या वर्षीच गेली होती. तिला अगदी बरं वाटत होतं.

"मला राग नाही कुणाचा," तो म्हणाला. "फक्त कळायला हवं."

बाईंनी तोच प्रश्न फळ्यावर लिहिला. ड्रायव्हर बघतच राहिला. आपण विचारलेलं वाक्य, आणि डॉक्टरीणबाई ते उतरवून घेतायत! त्याने शर्टाचं वरचं बटण लावून टाकलं.

अभ्यास ठरला. बीपीच्या पेशंटांच्या चिठ्ठ्या टाकायच्या. निम्म्यांच्या घरी ड्रायव्हरने संध्याकाळी जाऊन गोळीची आठवण करायची. उरलेल्यांना जसं चाललंय तसंच चालू द्यायचं. शेवटी दोन्ही गटांचं बीपी मोजून फरक बघायचा.

"उरलेल्यांना आठवण अजिबात करायची नाही, काका," डॉक्टरीणबाईंनी बजावलं. "हे बिघडलं तर तुमचा प्रश्न तसाच राहील, आणि पुन्हा आपल्याला कोणी विचारणार नाही."

"माझ्यावर सोडा!"

त्यांनी सोडलं, आणि तिथेच घोळ झाला.

ड्रायव्हर सवयीने रुग्णवाहिका घेऊनच निघाला. गाडी बेकरीवाल्याच्या दारात थांबली, तशी सगळी गल्ली गोळा झाली. "कोण गेलं? कोण गेलं?" बेकरीवाला बाहेर आला, तर त्याला बघून दोघीजणी किंचाळल्या! पुढे शिंप्याकडे गेला, तर हॉर्न ऐकून शिंपी कुणाची तरी अर्धी शिवलेली पँट काखेत मारून मागच्या दाराने पसार! आठवडाभरात अशी पाळी आली, की गाडी वळणावर दिसली की लोक कडी लावून घेऊ लागले.

तेवढ्यात मेहुणी घरी येऊन धडकली. बायकोची धाकटी बहीण. तिलाही बीपी, आणि चिठ्ठीत ती निघाली उरलेल्यांत.

"दाजी, शिंप्याकडे जाता, बेकरीवाल्याकडे जाता. माझ्याच दारावरून गाडी सुसाट? ताई गेली म्हणून नातं संपलं?"

"अगं, चिठ्ठीत तुझं नाव नाही आलं."

"आता नाती चिठ्ठ्या टाकून ठरवणार?"

"तुला समजावून सही घेतली होती ना!"

"सही केली हो! तुम्ही खरंच येणार नाही, असं कुठे वाटलं होतं?"

दुसऱ्या संध्याकाळी ती परत आली, ती मोर्चा घेऊनच! इस्त्रीवाली, रिटायर पोस्टमन, शाळेची शिपाईण. सगळे चिठ्ठीने वगळलेले, सगळे फुगलेले. बाहेरच्या खोलीत सतरंजी टाकून बसले. मेहुणीने वरच्या फळीवरचे ताईचे पेले काढले, धुतले, पाणी भरलं.

"तुम्ही येऊ नका. आम्हीच येतो! ही बघा गोळी."

"मी बघत नाही!" ड्रायव्हरने डोळे गच्च मिटले. "मी काही बघितलं नाही!"

"घेतली होऽऽ!" सगळे त्याच्या कानाशी ओरडले.

मग रोजचंच झालं. त्याने दिवा मालवून बघितला, कुलूप लावून बघितलं. मेहुणीकडे दुसरी किल्ली! एकदा बोटांच्या फटीतून त्याने हळूच पाहिलं. वर्षभर ज्या खोलीत घड्याळाशिवाय आवाज नव्हता, तिथे एवढी माणसं एकदम माना मागे टाकून गोळी गिळत होती. तो डोळे मिटायचंच विसरला.

निकालाच्या दिवशी सिस्टर बीपी मोजून चक्रावली. ज्यांच्याकडे ड्रायव्हर गेला त्यांचं बीपी वाढलेलं. ज्यांच्याकडे गेला नाही त्यांचं झकास!

ड्रायव्हरने सगळं सांगून टाकलं. डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "काका, वाट लावली अभ्यासाची!" ड्रायव्हरला वाटलं, गेला आपला प्रश्न. आता कधीच कळणार नाही.

पण प्रशिक्षणाच्या बाई मेहुणीकडे वळल्या. "तुम्ही एकही दिवस गोळी चुकवली नाहीत. का?"

"रागाने," मेहुणी म्हणाली. "खरं सांगू? एकटीने गोळी घेतली की आपण आजारी आहोत असं वाटतं. ताईही हेच म्हणायची. चौघांत घेतली की पंगतीला बसल्यासारखं वाटतं."

ड्रायव्हर उभा होता, तो बाकावर बसला. इतकं साधं! आणि कुणालाच माहीत नव्हतं. त्यालाही नाही, डॉक्टरांनाही नाही.

"उत्तर म्हणता येणार नाही अजून," बाई म्हणाल्या. "दुसऱ्या केंद्रात मुद्दाम चौघं एकत्र बसवून तपासू. काका, पद्धत तुम्ही सांगा, मी लिहिते."

"लिहा," ड्रायव्हर डोळे पुसत म्हणाला. "सर्वप्रथम मेहुणीला वगळावे!"

महिन्याभराने त्या केंद्रातून डॉक्टरांचा फोन आला. माणसं बोलावली तरी जमत नव्हती. तुमच्या मेहुणीबाईंना पाठवता का?

"मी नाही जाणार," मेहुणी सतरंजी झटकत म्हणाली. "एवढ्या मानाने बोलावलंय, तिथे भांडायचं कशावरून?"

ड्रायव्हरने फोन तोंडाजवळ नेला आणि आवाज खाली आणला.

"डॉक्टर, तुम्ही असं करा. तिला येऊ नका म्हणून कळवा. पहिल्या गाडीने येईल."