गोदा नीलगाय पदवी घेते

एका जंगलात, बाळांनो, सगळ्यांना धड पाय असलेच पाहिजेत असा कायदा नव्हता. पद्धत मात्र तशी होती. आता तुम्ही विचाराल, मग सापाचं काय? तर साप त्या जंगलात कारभारी होता, आणि कारभाऱ्याला पाय किती हे विचारायची पद्धत नव्हती.

त्या जंगलात वाघमहाराजांची लाकडाची वखार होती. डोंगरावर झाडं पाडायची, ओंडके उतारावर रचायचे आणि ओढत नदीकाठी आणायचे, असं तिथलं काम. जो वखारीत कामाला असेल त्याला नदीकाठच्या हिरव्या गवतात चरायची मुभा होती. बाकीच्यांसाठी पलीकडचा माळ होता. तिथं दगड भरपूर होते.

गोदा नावाची नीलगाय या वखारीत ओंडके ओढायची. अंगानं दांडगी, आवाजानं त्याहून दांडगी. एके दिवशी उतारावरची रास घसरली आणि एक ओंडका तिच्या मागच्या पायावर आला. पाय वाचला, पण हाड वाकडं जुळलं. गोदा लंगडायला लागली. महाराजांनी तिच्याबद्दल दुःख व्यक्त केलं आणि तिला माळावर पाठवलं.

थोडे दिवस तिनं दगड हुंगून पाहिले. मग ती लंगडत कारभाऱ्याकडे गेली. कारभारी शेषराव वारुळाबाहेर वेटोळं घालून ऊन खात पडले होते.

गोदानं त्यांना सांगितलं की वखारीच्या रस्त्यावर एक आंधळं वळण आहे. वरून ओंडका घेऊन येणाऱ्याला खालून चढणारा दिसत नाही. तिथं कोणीतरी उभं राहून हाका मारायला हव्यात.

"ओढायचं काम आता माझ्याच्यानं होणार नाही, रावसाहेब. पण घसा शाबूत आहे."

शेषरावांना तिची फार दया आली. पण दया वेगळी आणि कारभार वेगळा. ते म्हणाले की अधू जनावराला कुठलं काम झेपेल हे असं कोणीही ठरवू शकत नाही. त्यासाठी कार्यस्थळ अपंगत्व व्यवस्थापनाची पदवी घेतलेला अधिकारी लागतो. तसा अधिकारी आपल्याकडे नाही, कारण तशी पदवी अजून कोणी घेतलेली नाही.

"मग मीच घेते," गोदा म्हणाली.

हे नाकारायला शेषरावांना त्या वेळी नियम सापडला नाही. म्हणून ते हो म्हणाले.

ही पदवी देणारं विद्यापीठ, बाळांनो, एका उंच कड्यावर होतं. चढायला निसरडी पायवाट. धडधाकट जनावरं चढून वर पोचायची तेव्हा धापा टाकत असायची. गोदा पोचायची तेव्हा तास संपत आलेला असायचा. तिनं एकदा प्राध्यापक बगळे यांना भीत भीत विचारलं, की अपंगत्वाचा वर्ग तरी खाली भरवता येणार नाही का. बगळे सरांनी मान लांब करून तिच्याकडे बघितलं. विद्यापीठ खाली आणलं तर दर्जाही खाली येईल, असं ते म्हणाले. उशिरा येते म्हणून तिचे गुण मात्र त्यांनी नियमाप्रमाणेच कापले. तिला वेगळी वागणूक दिली असं कोणी म्हणायला नको.

बगळे सर या विषयातले मोठे जाणकार होते. ते रोज सकाळी तळ्यात एका पायावर उभे राहायचे. त्यामुळे एक पाय नसला म्हणजे काय वाटतं हे आपल्याला आतून ठाऊक आहे, असं ते वर्गात डोळे मिटून सांगत. दुसरा पाय ते मासा दिसला की खाली टेकवत. पण ते तळ्यात. वर्गात नाही.

पहिलं वर्ष शब्दांत गेलं. लंगड्याला लंगडा म्हणणं क्रूरपणाचं आहे हे सगळ्यांना पटलं. मग 'मंदपाद' सुचला, तो पडला. 'भिन्नगती' सुचला, त्यावर हरणं रुसली, कारण त्यांची गतीही भिन्नच होती. अखेर 'विशेषचरण' हा शब्द ठरला आणि वर्गानं शेपट्या आपटून आनंद व्यक्त केला. गोदानंही आपटली. उतरताना पाय तितकाच दुखत होता, पण आता तो विशेष दुखत होता.

दुसऱ्या वर्षी सहानुभूतीचं प्रात्यक्षिक होतं. प्रत्येकानं आपला एक पाय वेलीनं बांधून दिवसभर वावरायचं. गोदा म्हणाली, माझा बांधल्यासारखाच आहे. सर म्हणाले, नियम सर्वांना सारखा, आणि तिचा एक चांगला पाय बांधायला लावला. ती चिखलात पडली ती दुपारपर्यंत उठली नाही. बाकीचे विद्यार्थी थोडं लंगडून घरी गेले आणि आपण किती हेलावलो ते एकमेकांना सांगत बसले.

लेखी परीक्षेत प्रश्न आला, की उतारावरची ओंडक्यांची रास घसरून कामगार जखमी झाल्यास काय करावे. गोदानं लिहिलं, राशीच्या पायथ्याशी आधी दोन मजबूत खुंट ठोकावेत.

सरांनी तिला बोलावून घेतलं. ते रागावले नव्हते, खिन्न झाले होते.

"गोदाबाई, आपला विषय अपंगत्वाच्या व्यवस्थापनाचा आहे. अपंगत्वच टळलं, तर आपण व्यवस्थापन कशाचं करायचं?"

या सगळ्या काळात तिला आधार होता तो कपीश नावाच्या वानराचा. हा वर्गातला हुशार विद्यार्थी. तिला चढताना धाप लागली की तो थांबायचा, झाडावरचा पाला तोडून द्यायचा. तिला गोदाताई म्हणायचा. "ताई, नेमकं काय वाटतं तुम्हाला?" असं तो इतक्या मायेनं विचारायचा की गोदा सगळं सांगायची. एकदा तिनं त्याला सांगितलं की अजूनही ओंडका गडगडल्याचा आवाज झाला की छातीत धस्स होतं. हे तिनं घरच्यांनाही सांगितलं नव्हतं.

निकाल लागला तेव्हा कळलं की कपीशचा प्रबंध तिच्यावरच होता. तो पहिला आला. गोदा काठावर पास झाली. तिला राग आला नाही. आपल्याला ओळखणारा कोणीतरी पहिला आला, याचं तिला बरंच वाटलं.

आता वखारीत अधिकारी नेमायचा होता. अर्ज दोघांचे आले. शेषरावांनी गोदाला आदरानं बसवून घेतलं आणि तिची अडचण समजावून दिली.

"तुझाच पाय आणि निर्णयही तुझाच? मग निःपक्षपातीपणा कुठं राहिला? या पदावर ज्याला पायाशी काही देणंघेणं नाही, असाच कोणी हवा."

कपीशला पद मिळालं. दुसऱ्याच दिवशी गोदा त्याच्याकडे गेली आणि वळणावरचं काम मागितलं. तो उठून उभा राहिला. त्याचे डोळे भरून आले होते.

"ताई, तुम्हाला मी तिथं कसं उभं करू? ओंडक्याच्या आवाजानं तुमच्या छातीत धस्स होतं."

आपलंच वाक्य आपल्यासमोर असं उभं राहील, हे गोदाच्या मनातही आलं नव्हतं. आवाजानं धस्स होत होतं हे खरं होतं. तरीही तिला तिथं उभं राहायचं होतं, हेही खरं होतं. पण दुसरं तिनं त्याला कधी सांगितलं नव्हतं आणि त्यानंही विचारलं नव्हतं.

कपीशनं तिची सोय केली. वखारीच्या फाटकाशी एका झाडाखाली मऊ गवत पसरलं. तिथं तिनं बसायचं. चारा जागेवर यायचा. उठायचं नाही, दमायचं नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं मात्र बसायचं.

काही दिवसांनी शेजारच्या जंगलातली हत्तीण आपल्या लवाजम्यासह लाकूड बघायला आली. जिथं विशेषचरण कामगारांची काळजी घेतली जाते तिथलंच लाकूड घ्यायचं, असं तिच्या जंगलात नुकतंच ठरलं होतं. गोदाच्या गळ्यात झेंडूची माळ घालण्यात आली. हत्तिणीनं वाकून विचारलं, बरं चाललंय ना?

"बरं आहे," गोदा म्हणाली. "फक्त काम नाही."

"कामाचा ताण नाही, असं म्हणायचंय त्यांना," कपीशनं पाहुणीला समजावलं.

तेव्हा गोदा उठली. कोणाला काही न विचारता रस्त्याला लागली. लंगडत, माळ सांभाळत ती थेट त्या वळणावर जाऊन उभी राहिली. वरून एक गवा ओंडका ओढत येत होता, खालून दोन सांबरं चढत होती. ओंडका गडगडला, तिच्या छातीत धस्स झालं, आणि त्याच धसक्यासकट तिनं हाक मारली. "खालचे थांबा. वरचा येऊ द्या." सांबरं थांबली. गवा सुखरूप उतरून गेला. किती दिवसांनी तिचा आवाज असा मोकळा लागला होता.

मागे टाळ्या, शेपट्या, सोंड, सगळं वाजत होतं. हत्तिणीच्या डोळ्यांत पाणी होतं. शेषराव पटकन म्हणाले, की असं प्रात्यक्षिक आमच्याकडे नेहमीच असतं. सौदा तिथल्या तिथं झाला.

गोदाला वळणावरचं काम मिळालं, बाळांनो. पाहुणे आले की तिला तिथं नेतात आणि ती हाका मारते. तेवढ्या वेळापुरती ओढणाऱ्यांना दुसऱ्या रस्त्यानं पाठवतात, कारण तिच्या जिवाला धोका नको, असा कपीशसाहेबांचा हुकूम आहे. गोदा रिकाम्या रस्त्याकडे बघून घसा ताणून ओरडते, "या, वाट मोकळी आहे."

आणि वाट खरंच मोकळी असते.

तात्पर्य : अधू जनावराला काम देऊ नये. त्याच्यावर काम करावं. त्याला काम दिलं तर एकाचंच पोट भरतं. त्याच्यावर काम केलं, तर एका लंगड्या पायावर एक प्राध्यापक, एक अधिकारी आणि एक कारभारी आरामात उभे राहतात.