पाच न्हाणीघरांचे घर

घर माणसाला राहण्यासाठी असते, हा समज आता फक्त मागासलेल्या प्रदेशांत उरला आहे. पूर्व सर्बियातल्या आमच्या डोंगराळ गावाने तो केव्हाच टाकून दिला. इथे घर रस्त्यावरून दिसण्यासाठी असते आणि राहण्यासाठी अंगणात एक बुटकी खोली असते. तिला उन्हाळी स्वयंपाकघर म्हणतात, कारण माणसे तिथे हिवाळाही काढतात.

झिवोयिनचे मूळ घर अगदीच साधे होते. दोन खोल्या, लाकडाची शेगडी आणि शेगडीजवळ पत्र्याचा टब. त्यात त्याची बायको स्तामेंका दर शनिवारी गळ्यापर्यंत गरम पाण्यात बसायची. (एवढ्यावर माणसे सुखी असत, हे आज सांगूनही पटत नाही.) मग मुलगा देयान व्हिएन्नाला कामाला लागला, पैसे पाठवू लागला, आणि पोर एक दिवस बायकोमुलांसह कायमचे परत येईल असे घर करायचे झिवोयिनने ठरवले. टब नव्या घराला शोभेना म्हणून भंगारात गेला. काम संपेपर्यंत दोघे तात्पुरते अंगणातल्या खोलीत राहायला गेले. त्याला एकोणीस वर्षे झाली. 'तात्पुरते' हा शब्द झिवोयिनने अद्याप मागे घेतलेला नाही.

विस्तार शास्त्रशुद्ध झाला. पहिला मजला देयानसाठी, दुसरा त्याच्या मुलासाठी (जो तेव्हा जन्मायचा होता), आणि तिसरा समोरच्या मिलुतिनने तिसरा चढवला म्हणून. मिलुतिनला अपत्य नाही, म्हणजे त्याची दूरदृष्टी अधिकच मोठी. त्याच्या फाटकावर सिमेंटचे बसलेले सिंह होते. झिवोयिनने उभे आणले. खर्चाचे तत्त्व एकच होते : दिसते ते आधी. न्हाणीघरे पाच झाली, कारण त्यांच्या खिडक्या रस्त्यावर उघडतात. पाणी येण्याची सोय झाली, कारण सोनेरी नळ वाहताना पाहुण्यांना दाखवता येतो. पाणी जाण्याची सोय मात्र राहिली. शोषखड्डा जमिनीखाली असतो, आणि जमिनीखालचे मिलुतिनला दाखवणार कसे?

स्तामेंकाचा गुडघा दर हिवाळ्यात सुजे. अंघोळ म्हणजे बादलीभर पाण्यात फडके बुडवून अंग पुसणे, आणि बाकीच्या कामाला अंगणाच्या पार टोकाला लाकडी खोपटे.

“अहो, पाच-पाच न्हाणीघरं, आणि मी या गुडघ्यानं बर्फ तुडवत परसाकडं जातेय. एक तरी उघडा की मेलं!”

“वापरलं की जुनं होतं. पोरगा काय वापरलेल्या न्हाणीघरात अंघोळ करणार?”

“आणि मी कधी जायचं आत?”

“तू गेलीस की ठेवू की दिवाणखान्यात. तेव्हा सगळं गाव येतं.”

“म्हणजे आत जायला मरावंच लागणार.”

झिवोयिनला यात गैर असे काही वाटले नाही.

रविवारी व्हिएन्नाशी फोन होई. “कधी येतोस रे?” “घर पूर्ण झालं की येतो, बाबा.” “तू आलास की पूर्ण करतोच!” या ठोस आश्वासनांनंतर दोघेही समाधानाने फोन ठेवत.

जानेवारीत झिवोयिन जिन्याच्या संगमरवरासाठी शहरात गेला. स्तामेंकाने किल्ली शोधली, टॉवेल घेतला, सवयीने दारातच जोडे काढले आणि पहिल्या मजल्यावर गुलाबी टबात गरम पाणी सोडून गळ्यापर्यंत बसली. गुडघा ठणकायचा थांबला. तिला इतका आनंद झाला की ती मोठ्याने गाऊ लागली. मिलुतिन त्याच्या (रिकाम्या) घराच्या फाटकात येऊन ऐकत उभा राहिला. मग तिने बूच काढले.

टबाचा पाइप कुठेच जोडलेला नसल्यामुळे पाणी सरळ खाली आले. थोडे थोडे करत ते मजला उतरले आणि दिवाणखान्याच्या छताला परातीएवढा डाग पडला. सोफ्याला काहीही झाले नाही, कारण त्यावरचे प्लास्टिक कधी काढलेच नव्हते.

“तू... अंघोळ केलीस?” झिवोयिनने आल्या आल्या विचारले. परपुरुषाबद्दल विचारावे तसा त्याचा सूर होता.

“केली. परत करणार. खड्डा खणा.”

दुसऱ्या दिवशी खड्डा खणणारे आले नाहीत, रंगारी आला. त्या घरात कधी कोणी राहिले याचा तो डाग एकमेव पुरावा होता, म्हणून तो दोन हातांत मिटवण्यात आला. दाराला नवे कुलूप लागले आणि किल्ली झिवोयिनच्या गळ्यात गेली.

रविवारी झिवोयिन फोनवर डागाची हकीकत सांगत होता, तेवढ्यात स्तामेंकाने त्याच्या हातातून फोन हिसकावला. तिला रडू आवरेना.

“पाणी गरम होतं रे, देयान,” ती म्हणाली.

“आई,” देयान काळजीने म्हणाला, “छत नीट रंगवलं ना?”

वाचक इथवर हसत आले असतील तर हरकत नाही. आता हातातला कान तुटलेला कप खाली ठेवावा, काचेच्या कपाटातला सोनेरी काठाचा संच बाहेर काढावा आणि घरातल्याच माणसाला त्यातून चहा द्यावा. हात धजत नाही? मग आमच्या गावी या. मिलुतिनच्या शेजारची जागा रिकामी आहे. सिंह बसलेले हवेत की उभे, तेवढे कळवा.