गुरुवार, नऊ ते बारा

गुनवोरबाई वारल्या. पण हे वाक्य तूर्त वाचलंच नाही असं धरून चालू. कारण त्या गुरुवारी सकाळी आठ वाजता स्वीडनमधल्या सुंड्सवालमध्ये मेला होता तो फक्त शाळेचा बॉयलर.

"वर्गात चार अंश आहे, कुणीही येऊ नये," असा मुख्याध्यापिकेचा निरोप आला आणि सातवीचा गणिताचा शिक्षक आल्गोत कॉफीचा मग धरून स्वयंपाकघरात उभा राहिला. अचानक मिळालेल्या सुट्टीचं करायचं काय, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. आठ चाळीसला त्याने खिडकीतल्या कुंडीला 'सरळ बस' असं बजावलं. नऊला त्याला मधल्या सुट्टीची भूक लागली. शेवटी ठरलं, कपडे धुवायचे. तीन आठवड्यांचे साचले होते.

इमारतीची धुलाईची खोली एकच, तळघरात. दाराशी भोकांचा फळा, आठवड्यातल्या प्रत्येक वेळेला एक भोक; ज्याला जी वेळ हवी, तिच्या भोकात त्याने आपलं छोटं कुलूप अडकवायचं. गुरुवार नऊ ते बारा या भोकात गुनवोरबाईंचं कुलूप एकतीस वर्षं होतं. बाईंचं वय एक्क्याऐंशी, घर खोलीच्या बरोब्बर डोक्यावर. 'अर्ध्या तासात मशीन सुरू न केल्यास वेळ रद्द' हा नियमही त्यांनीच लिहून भिंतीला चिकटवलेला, खाली तीन रेघा मारून.

नऊ एकतीसला खोली रिकामी होती. आल्गोतच्या अंगात मास्तर संचारला. त्याने मशीन लावलं आणि फळ्यावर चिठ्ठी डकवली: 'नियमानुसार वेळ रद्द. घर क्रमांक बारा.' खाली तीन रेघा.

दहा मिनिटांत छतावर ठोके पडू लागले. ठक. ठक. ठक.

"ऐकू येतंय, गुनवोरबाई," तो छताला म्हणाला. "नियम तुमचाच आहे."

ठोके थांबेनात. त्याने दार लावून घेतलं. साडेदहाला ते दार ढकलून गृहसंस्थेचा अध्यक्ष सिक्स्टेन आत आला.

"काय मास्तर, हाकललं शाळेने?"

"बॉयलर गेलाय."

"आणि तू गुनवोरच्या वेळेत चड्ड्या धुतोयस? उन्हाळ्यापर्यंत तुझ्या नावाने चिठ्ठ्या लागतील, लिहून घे."

"साडेनऊपर्यंत आल्याच नाहीत त्या."

"मग वर ठोकतंय कोण?"

"त्याच. निषेध चाललाय."

सिक्स्टेनने छताकडे आदराने पाहिलं. "तासभर? म्हातारीत दम आहे."

मग 'सुरू करणे' म्हणजे मशीनचं बटण दाबणं की नुसतं खोलीचं दार उघडणं, यावर दोघांनी वीस मिनिटं चर्चा केली. निष्कर्ष निघायच्या आत ठोके थांबले.

"पटलं त्यांना," आल्गोत म्हणाला.

सिक्स्टेन गेला. ड्रायरमधून काढलेल्या टॉवेलांच्या घड्या घालताना आल्गोतला मात्र काहीतरी टोचत राहिलं. वर्गात एखादं पोर दिसलं नाही, तर पंधरा मिनिटांत तो घरी फोन लावतो. बाकावर 'जागा रद्द' अशी चिठ्ठी त्याने आजवर लावलेली नव्हती. आणि एका हरवलेल्या मोज्यासाठी चार मजले चढून भांडायला येणारी बाई, आज अकरा पायऱ्या उतरून खाली आली नव्हती.

टॉवेल तिथेच टाकून तो जिना चढला. दाराच्या टपालफटीशी वाकला. "गुनवोरबाई?"

"जाळी," जमिनीलगतून आवाज आला. "ड्रायरची जाळी साफ केलीस का?"

अग्निशमनवाल्यांनी दार फोडलं. बाई नऊला दहा कमी असताना कपड्यांच्या टोपलीसकट पडल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलेलं, हातात बूट. स्ट्रेचरवरून त्यांनी आल्गोतची बाही पकडली.

"केलीस?"

"केली," तो म्हणाला. केली नव्हती.

आता ते पहिलं वाक्य वाचायला हरकत नाही. रविवारी. "दोन तास आधी आणल्या असत्या तर... सांगता येत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. गणिताच्या शिक्षकाला सांगता येत होतं. नऊ एकतीस ते अकरा वीस, एकशे नऊ मिनिटं.

सोमवारी बॉयलर सुरू झाला. आल्गोतने पहाटेच तळघरात जाऊन जाळी साफ केली, आणि शाळेत पोहोचल्यावर अर्ज दिला:

'मा. मुख्याध्यापिका यांस. विषय: सुट्टी परत करणेबाबत. गेल्या गुरुवारी मंजूर झालेली सुट्टी अर्जदाराकडून योग्य रीतीने वापरली गेली नाही. तरी सदर दिवस रद्द करून तोच दिवस सकाळी नऊ एकतीसपासून पुन्हा मंजूर करण्यात यावा, ही नम्र विनंती.'

खाली तीन रेघा.